डाव्या अंगाला सायकल

कस्तुराबाईच्या तोंडाला दापोडीची अख्खी वस्ती भ्यायची. नळावर कुणी रांग मोडली, रेशनच्या दुकानात कुणी माप मारलं, की आधी तिचा आवाज चढायचा आणि मग बाकीच्यांना कंठ फुटायचा. बाई वाईट नव्हती. पण डोळ्यांना दिसलेलं न बोलता गिळायचं, हे तिला जन्मात जमलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ जयसिंग रांगत होता. त्याच्यापायी तिनं शाळा सोडली, आणि बासष्ट साली लग्न होऊन दापोडीला आली तेव्हा ट्रंकेबरोबर भावालाही घेऊन आली. नवरा भिवा समजूतदार होता. म्हणाला, "येऊ दे की. दोन भाकरी जास्त थापायच्या, एवढंच."

हा जयसिंग पुढं वाळूच्या ट्रकवर क्लीनर झाला, ट्रकवाल्यांकडून गाडी शिकला, लायसन काढलं. कस्तुराबाई तोवर आकुर्डीच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली होती. भिवा तिथंच फिटर होता आणि युनियनच्या कमिटीवरही होता. कामगारांची ने-आण करायला मारुतराव नावाच्या ठेकेदाराच्या बसगाड्या होत्या. कस्तुराबाईनं मारुतरावाला गेटावरच गाठलं आणि सांगितलं, "माझ्या भावाला गाडी द्या. पीत न्हाई आन कामाला कुचराई करत न्हाई." मारुतरावानं गाडी दिली. जयसिंगचं लग्न झालं, दोन पोरं झाली, शेजारच्याच आळीत त्यानं बिऱ्हाड केलं. सगळं रांगेला लागलं असं वाटलं.

मग रस्ता रुंद झाला.

कस्तुराबाई दापोडीत आली तेव्हा मुंबईचा रस्ता एवढासा होता. समोरून ट्रक आला की आपल्या गाडीनं एक चाक मातीत घालायचं, तेव्हा कुठं दोघं सुटायचे. कारखाने वाढले तसा रस्ता अपुरा पडायला लागला. मग मधे दुभाजक घालून जायचा वेगळा आणि यायचा वेगळा असे दोन रस्ते केले, आणि प्रत्येकावर मधोमध पांढरे तुटक पट्टे ओढले. एका वेळी दोन गाड्या शेजारी-शेजारी धावाव्यात म्हणून ते पट्टे. पण हे समजावून सांगायला कोण बसलंय? बैलगाडीवाला पट्ट्यावर चाक ठेवून जायचा. ट्रकवाले उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं मासोळीसारखे सुळसुळायचे. जयसिंग हसून म्हणायचा, "सरकारनं रांगोळी काढलीया. पुसायची आपन."

आणि पुसायला सगळी गाडी त्याला भरीला घालायची. सातचा भोंगा झाला की कंपनीचं गेट बंद. उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस गेला. त्यात वाटेतल्या थांब्यांवर दुसऱ्या ठेकेदाराच्या गाड्या आडव्या यायच्या. मग मागच्या बाकांवरून हाकाटी सुरू व्हायची. "मार, जयसिंगभाऊ, मार! घाल उजव्यानं! दाब आता डावीला!" जयसिंग उजवीकडून पुढं काढायचा आणि थांबा आला की तसाच तिरका डावीकडं घुसायचा. कट मारणं म्हणतात ते. कट बसला की मागं टाळ्या पडायच्या.

गाडी जुनी होती. डाव्या अंगाचा आरसा कासारवाडीला एका उसाच्या गाडीनं उडवला, तो मारुतरावानं परत बसवलाच नाही. बाजूचा दिवा लागत नव्हता. दारात एक क्लीनर असायचा. तो बाहेर डोकं काढून डावी बाजू बघायचा, पत्र्यावर थाप मारून "आन दे, आन दे" करायचा. त्यालाही मारुतरावानं काढून टाकलं. म्हणाला, "ड्रायव्हरला दोन डोळे हायेत ना देवानं दिलेले? आणखी दोन मी कशाला पोसू?"

तेव्हापासून कस्तुराबाई दारामागच्या पहिल्या सीटवर, खिडकीला बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. डावीकडं बघायची आणि ओरडायची, "थांब, सायकल हाय... हां, मोकळं झालं, घे." पहिले काही दिवस जयसिंगला बरं वाटलं. पण गाडीत बबनराव म्हणून एक टर्नर होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एक दिवस तो मागून म्हणाला, "गाडी मारुतरावाची, पगार जयसिंगचा, आन ष्टेरिंग आक्काचं!" सगळी गाडी खदखदून हसली. पुढं ते रोजचंच झालं. थांब्यावर दुसऱ्या गाडीचे ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागले, "काय जयसिंग, आज आक्कानं परवानगी दिली का?"

त्या संध्याकाळी जयसिंग तिच्या दारात येऊन म्हणाला, "आक्का, उद्यापास्नं मागं बस."

"मागनं मला सायकल दिसंल का?"

"मला दिसती ना!"

"कशात? आरसा हाय का तुला? मारुतरावाला आरसा माग आधी. तू तोंड उघडत न्हाईस म्हनून मला उघडावं लागतंय."

जयसिंगचे कान लाल झाले. तो तसाच पाय आपटत निघून गेला. पण कस्तुराबाई मागं बसली नाही.

हे झालं आणि पंधरवड्यात ती सकाळ आली. थंडीचे दिवस होते, पण धुकं नव्हतं. नुकतं उजाडलं होतं, रस्ता लख्ख दिसत होता. गाडी फुगेवाडी सोडून कासारवाडीच्या पुढं निघाली तेव्हाच उशीर झाला होता. पिंपरीच्या थांब्यावर आपली दहा-बारा माणसं उभी असणार, आणि त्याच थांब्याकडं डावीकडून दुसऱ्या ठेकेदाराची गाडी निघालेली. जयसिंगनं गाडी उजव्या पट्ट्यात घेतली, दुभाजकाला खेटून त्या गाडीच्या पुढं काढली. मागं आरडाओरडा सुरू झाला. "दाब! दाब डावीला! आडवी घाल त्याला!"

कस्तुराबाईनं खिडकीतून खाली पाहिलं. डाव्या पट्ट्याच्या कडेनं एक पोरगा सायकलवर चालला होता. मफलर गुंडाळलेला, मागं कॅरियरला डबा. तो आपल्या बाजूनं, अगदी कडेनं चालला होता. गाडीचं दार आणि त्याचा खांदा जवळजवळ सरळ रेषेत होते.

ती ओरडली, "जयसिंग, सायकल हाय! डाव्या अंगाला सायकल हाय, थांब!"

मागून बबनराव म्हणाला, "आलं बघा फर्मान!" आणि लोक हसले.

जयसिंगनं मान वळवली नाही. पण त्याचे ओठ हलले आणि तिला स्वच्छ ऐकू आलं. "गप बस, आक्का."

आणि त्यानं गाडी डावीला वळवली.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखं झालं, मग चाकाखाली काहीतरी मोडलं, आणि मग ती किंकाळी. गाडी थांबायच्या आत कस्तुराबाई दारातून खाली उतरली होती. पोरगा पालथा पडला होता आणि त्याचा डावा पाय मागच्या चाकाशी अडकला होता. गुडघ्याखाली पाय असा काही राहिला नव्हता.

माणसं भराभरा उतरली, गाडी ढकलून मागं घेतली, मागून येणारा एक टेम्पो अडवून पोराला त्यात ठेवलं. एवढं सगळ्यांनी मनापासून केलं. पण टेम्पो सुटायच्या आत बबनराव मोठ्यानं म्हणाला, "सायकलवालाच मधे घुसला. काय, भिवाभाऊ?" आणि चार-पाच जणांनी माना हलवल्या. भिवा मागच्या बाकावर होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. तो खाली बघत टेम्पोचं मागचं फळकं लावायला लागला. जयसिंग ष्टेरिंगवर हात ठेवून तसाच बसून होता, खाली उतरलाच नाही.

कस्तुराबाई टेम्पोत बसली. पोराचं डोकं तिच्या मांडीवर होतं, साडी रक्तानं भिजत होती. त्याचं नाव किसन. सांगवीचा, चिंचवडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. हे त्यानंच तुटक तुटक सांगितलं. शुद्ध जायच्या आधी त्यानं तिचा दंड धरला आणि विचारलं, "बाई, मी माझ्या बाजूनंच चाललो व्हतो ना?"

"व्हय, बाळा. तू तुझ्या बाजूनंच व्हतास."

"मग?" तो म्हणाला.

तिनं पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं.

दवाखान्यात दुपारपर्यंत त्याचा पाय गुडघ्याखालून काढला. त्याची आई सोजरबाई सांगवीहून धावत आली. डोक्यावरचा पदर कुठं, पायात चपला कुठं, काही भान नव्हतं. तिनं कस्तुराबाईची रक्तानं माखलेली साडी पाहिली आणि तिला वाटलं, हीच कोणीतरी देवमाणूस. ती पायाशी वाकली. कस्तुराबाई झटकन मागं सरली. "पाया पडू नका," एवढंच ती बोलली आणि बाहेर पडली. ड्रायव्हर आपला भाऊ आहे, हे तिला तिथं सांगता आलं नाही. त्याचाही राग तिला घरापर्यंत पुरला.

पोलिसांनी जयसिंगला धरलं होतं, मारुतरावानं जामीन देऊन संध्याकाळी सोडवला. सोडवून मारुतराव सरळ कस्तुराबाईच्या घरी आला. हातात सफरचंदाची पिशवी. खाटेवर टेकत म्हणाला, "झालं ते वाईट झालं, कस्तुराबाई. पण पोरगं मधेच आलं. तुम्ही पुढंच बसला होता, तुमच्या शब्दाला वजन हाय. उद्या चौकीत एवढंच सांगा..."

"आरसा कुठाय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आँ?"

"डाव्या अंगाचा आरसा कुठाय, मारुतराव? क्लीनर कुठाय? दिवा कुठाय?"

"अहो बाई, आता ते काढून..."

"उठा. खाटेवरनं उठा आधी. पोराचा पाय कापला आन तुमी मला सफरचंद खाऊ घालताय? न्या ती पिशवी! सांगवीच्या सोजरबाईला न्या, बघू कसं तोंड दाखवताय!" तिनं पिशवी उचलून अंगणात भिरकावली. सफरचंदं आळीभर घरंगळत गेली. मारुतराव धोतर सावरत उठला आणि निघून गेला.

भिवा कोपऱ्यात बसून हे बघत होता. मारुतराव गेल्यावर तो म्हणाला, "बरं केलंस. त्याला सोडायचाच न्हाई. आज कमिटी बसली व्हती. आमी ठरवलंय, आरसा न्हाई, क्लीनर न्हाई, हे सगळं चव्हाट्यावर आनायचं. ठेकेदाराला धरायचं आन त्याला ठेवनाऱ्या कंपनीलाबी धरायचं. जयसिंगला सायकल दिसलीच न्हाई, दिसनार कशी? तू उद्या हेच सांग. यात खोटं काय न्हाई."

कस्तुराबाई चुलीपुढं बसली. थोडा वेळ तिला बरंही वाटलं. मारुतरावाला धरायचं, हे तिच्या मनातलंच होतं. मग तिनं विचारलं, "आन म्या वरडून सांगितलं, त्याचं काय?"

"गाडीचा आवाज, लोकांचा कालवा. त्याला ऐकू गेलं न्हाई."

"गेलं."

"कस्तुरा..."

"मला 'गप बस' म्हनला तो. ऐकू न जाता म्हनला का?"

भिवानं उठून दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "हे तुला आन त्यालाच ठावं हाय. तिसऱ्या कुनाला न्हाई. त्याची पोरं बारकी हायती. तो आत गेला तर किसनला पाय परत मिळनार हाय का? सांगायचं तेवढं सांग. मारुतरावाला शिक्षा हूं दे."

"म्हंजी निम्मं खरं सांगू?"

"तुझ्या भावाचा संसार हाय, बाई! जरा दमानं घे!" भिवाचा आवाजही आता चढला. त्या घरात भिवाचा आवाज कधी चढत नसे. कस्तुराबाईनं तवा चुलीवरून खाली आदळला आणि त्या रात्री कुणीच जेवलं नाही.

पहाटे ती जयसिंगकडं गेली. तो नदीकडच्या अंगाला, पुलाच्या अलीकडं एकटाच बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तिला बघून तो उठला.

"आक्का, मला दिसला न्हाई गं."

"दिसला न्हाई, मान्य. म्या सांगितलं का न्हाई?"

"ऐकूच आलं न्हाई."

"माझ्या डोळ्यात बघून बोल."

"न्हाई आलं म्हनतो ना! कालवा किती व्हता!"

"मग 'गप बस' कुनाला म्हनलास? सायकलवाल्याला?"

जयसिंगनं खालचा एक दगड उचलला आणि पाण्यात फेकला. मग दुसरा फेकला. मग एकदम तिच्याकडं वळून तो ओरडायला लागला. एवढा मोठा ओरडला की पलीकडं कपडे धुणाऱ्या बाया थांबल्या.

"व्हय, ऐकलं! रोज ऐकतोय! थांब जयसिंग, घे जयसिंग, वळ जयसिंग! अख्ख्या रस्त्यावर माझी चेष्टा केलीस तू! थांब्याथांब्यावर लोक विचारत्यात, आक्कानं परवानगी दिली का. मला बायकोला तोंड दावायची लाज वाटती. त्या दिवशी तू वरडलीस, ते हसले, आन माझं डोस्कं फिरलं. तू वरडली नसतीस तर मी वळवलीच नसती! ऐकलंस? तुझ्यामुळं झालं हे!"

कस्तुराबाईचा हात वर गेला. लहानपणी तिनं त्याला कितीदा मारलं होतं. पण आता तो हात तिच्यानं खाली आणवेना आणि वर धरवेना.

"त्या पोराचा पाय तुझ्या लाजंपायी गेला," ती म्हणाली. "आरशापायी न्हाई, क्लीनरापायी न्हाई. चार टवाळ हसले म्हनून. तुला ठावं व्हतं तिथं मानूस हाय, आन तू त्याच्यावर गाडी घातलीस."

"मला वाटलं तो सरंल. सगळे सरत्यात."

"कुटं सरनार व्हता? गटारात?"

जयसिंग खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला. कस्तुराबाईला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून ती आणखीच पेटली.

"चौकीत चल माझ्यासंगं. आत्ता जे बोललास ते तिथं बोल."

"पोरं हायत मला, आक्का."

"त्याला आई हाय."

"तू सांगनार का?"

"तू सांगितलंस तर मला सांगावं लागनार न्हाई."

तो उठला नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि एकटीच चढण चढून रस्त्यावर आली.

चौकीतल्या फौजदारानं तिचा जबाब घेतला. शेजारी हवालदार लिहीत होता. तिनं सगळं सांगितलं. आरसा केव्हा फुटला, क्लीनर केव्हा काढला, भोंग्याची घाई कशी, मागून लोक कसे चेतवायचे. बबनरावाचं नाव घेऊन सांगितलं. हवालदार म्हणाला, "बाई, प्रवाशांनी ओरडणं हा काही गुन्हा नाही. ते कशाला लिहू?"

"लिवा," ती म्हणाली. "गुन्हा नसंल तर नसंल. झालंय ते लिवा."

आणि मग तिनं शेवटचं सांगितलं. आपण ओरडलो, त्यानं ऐकलं, 'गप बस' म्हणाला आणि गाडी वळवली. हवालदाराचा हात थांबला. फौजदार वयानं मोठा माणूस होता. त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "ड्रायव्हर तुमचा सख्खा भाऊ ना?"

"व्हय. म्याच वाढवलाय."

"हे शेवटचं नाही सांगितलं तरी केस उभी राहते, बाई. नीट विचार करून सांगा."

"इचार रातभर केलाय. आता लिवा, न्हाईतर मी मोठ्या सायबाकडं जाते."

त्यानं लिहायला सांगितलं. तिनं सही केली. बाहेर येऊन ती चौकीच्या पायरीवर बसली. भिवा बाहेर उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, विचारायचं काही राहिलं नव्हतं. तो एकटाच चालायला लागला.

पुढचे महिने कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. जयसिंगची बायको शालन रोज सकाळी आळीच्या तोंडाशी उभी राहून शिव्याशाप द्यायची. "भावाला खाल्लंस, आता पोटभर जेव!" गाडीत कस्तुराबाई चढली की बोलणी थांबायची. तिची ती पुढची सीट मात्र कुणी घेत नसे. कमिटीतले लोक भिवाला म्हणायचे, "घरच्या बाईला आवरता आलं नाही, तर कामगारांना काय आवरणार?" भिवानं कमिटी सोडली. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. बबनरावानं तर उघड सांगितलं, असली बाई घरात असण्यापेक्षा साप असलेला बरा. तेव्हा तिनं भर गाडीत त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "त्या दिवशी 'दाब डावीला' कोन वरडत व्हतं? सांग की सगळ्यांना. हस की आता." बबनरावानं खिडकीबाहेर पाहिलं. बाकी कुणी हसलं नाही.

सगळ्यात जास्त तिला सोजरबाईचं बोलणं लागलं. जबाब दिल्यावर ती दवाखान्यात गेली होती. ड्रायव्हर आपलाच भाऊ आहे आणि आपण सगळं खरं सांगितलंय, असं तिनं सोजरबाईला सांगितलं. सोजरबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "मग काय करू? आरती ओवाळू तुझी? रोज गाडीत बसत व्हतीस. रोज बघत व्हतीस. पाय गेल्यावर चौकीत गेलीस व्हय गं?"

किसन भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं वळून पाहिलं नाही.

बसनं परतताना कस्तुराबाईला सोजरबाईचा विलक्षण राग आला. मी घर मोडून खरं सांगितलं आणि ही मलाच बोलते! पण दवाखान्यापासून दापोडीपर्यंतही तो राग पुरला नाही. दापोडीला उतरताना तिला कळून चुकलं होतं की बाई बोलली ते खोटं नव्हतं. ओरडायचं ते ती जयसिंगवर ओरडत होती, कारण जयसिंगवर ओरडणं सोपं होतं. मारुतरावाच्या दारात जाऊन आरशासाठी ती एकदाही ओरडली नव्हती.

दवाखान्यात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढलीच नाही. दापोडीच्या थांब्यावर गाडीच्या पुढं उभी राहिली. "आरसा बसवल्याबिगर ही गाडी हालायची न्हाई," ती म्हणाली. नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. लोक आतून ओरडले, भोंगा होईल, अर्धा दिवस जाईल. ती हलली नाही. थोड्या वेळानं पॅकिंगच्या दोन बाया खाली उतरल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी तिघी. मग सगळ्यांत शेवटी, कुणाकडं न बघता, भिवा उतरला. त्या दिवशी त्या गाडीतल्या एकाही माणसाला सातचं गेट गाठता आलं नाही.

आठवडाभरात मारुतरावाच्या सगळ्या गाड्यांना दोन्ही बाजूंना आरसे बसले आणि दारात क्लीनर आले. एवढं झालं. पुढं कंपनीनं त्याचा ठेका काढून घेतला म्हणून लोक खूश झाले, तर तोच ठेका त्याच्या मेव्हण्याला मिळाला. गाड्या त्याच, नुसतं नाव रंगवून बदललं. कोर्टात मारुतरावाला दंड झाला. जयसिंगला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि लायसन गेलं. निकाल ऐकताना त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही.

येरवड्याहून सुटल्यावर तो बोपोडीला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला. बहिणीच्या दारावरून जायची वेळ आली तर पलीकडच्या आळीनं वळसा घालून जायचा. कस्तुराबाईनंही त्याला हाक मारली नाही. शालनची पोरं मात्र आत्याकडं यायची, तिच्या हातची भाकरी खायची, आणि शालन हे बघून न बघितल्यासारखं करायची.

असं वर्ष उलटलं. एका रविवारी दुपारी कस्तुराबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. पुढ्यात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. जयसिंग उभा होता. वाळला होता, कानशिलाचे केस पांढरे झाले होते.

"किसनकडं गेलो व्हतो," तो म्हणाला. "सांगवीला."

तिचे हात थांबले. "मग?"

"वर्कशॉपवाल्यानं ठेवलाय त्याला. बसून करायचं काम दिलंय, ड्रिलवर. घरीच व्हता आज."

"तू काय बोललास?"

"म्हनलो, मला ऐकू आलं व्हतं. तरी वळवली."

"आन तो?"

"शिव्या दिल्या. आईवरनं दिल्या, भैनीवरनं दिल्या. कुबडी फेकून मारली. त्याच्या आईनं दार लावून घेतलं." जयसिंगनं खांदा चोळला. "उभा ऱ्हायलो. मग आलो."

कस्तुराबाईला वाटलं, आता आपला राग जाईल. गेला नाही. छातीत होता तिथंच होता, पहिल्या दिवसाइतकाच ऊन ऊन. तरी तिनं सूप बाजूला सारून त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही.

"पुढच्या रविवारी परत जा," ती म्हणाली.

"परत? परत मारंल तो."

"मारू दे. कुबडी उचलून हातात दे त्याच्या, आन उभा ऱ्हा."

जयसिंगच्या कपाळाची शीर तटतटली. "तुझं सांगनं काय जल्मात संपायचं न्हाई, आक्का," तो दातओठ खात म्हणाला, आणि ताडताड पावलं टाकत आळीच्या टोकाशी गेला.

पुढच्या रविवारी सकाळी शालनच्या धाकट्या पोरानं सांगितलं, बाबा सांगवीला गेलेत.